समुद्रही हवा, डोंगरही हवा: नागपूरहून दिवाळीत कुठं जावं?

सुपारीफूल · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

घरात वार्षिक भांडणाचा मुहूर्त निघाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत पाच जण बाहेर पडायचं म्हणून राहिलो: आम्ही दोघं, सातवीतला मुलगा, सासूबाई आणि माझी आई. प्रवास धरून एक आठवडा. मुलाला समुद्र पाहिजे, ह्यांना डोंगर आणि थंड हवा पाहिजे, दोन्ही आयांना कमी पायऱ्या पाहिजेत. मला फक्त स्वयंपाक करायचा नाहीये.

ज्याला विचारावं तो "केरळ करून टाका" म्हणतो. माझं मत असं की केरळ हे आपण नागपूरकरांनी सवयीनं पाठ केलेलं उत्तर आहे. आठवड्यातले तीन दिवस जाण्यायेण्यात जातात, उरलेले घाटातल्या टॅक्सीत. मग फोटोत हाऊसबोट दिसते आणि कुणी पुढं काही विचारत नाही.

डोक्यात तीन पर्याय आहेत. एक, केरळ: कोची, मुन्नार, अलेप्पी. दोन, तळकोकण: आंबोली, मालवण, तारकर्ली. तीन, विशाखापट्टणम आणि अराकू. तिसऱ्याबद्दल आपल्याकडे फार कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम विचारतेय. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, तेव्हा पावसाचं काय तेही सांगा.

तर्री_जास्त · रात्री ९.५२

फुटाळा तलाव आणि सेमिनरी हिल्स. पाणी आणि डोंगर एकमेकांना चिकटून, पायऱ्या नाहीत, रिक्षानं जाता येते, चौपाटीवर मक्याचं कणीस मिळते. आठवडा काय, तासाभरात उरकते. धागा बंद करा.

सुपारीफूल · रात्री ९.५५

तुम्ही येणार हे माहीतच होतं.

गार्डचा_डबा · रात्री १०.३०

ताई, तिसऱ्या पर्यायाबद्दल मी बोलतो. आयुष्य रेल्वेत गेलं, आता अजनीला घरी बसून वेळापत्रकं वाचतो, त्यामुळे थोडं लांबेल.

नागपूरहून विशाखापट्टणमला थेट समता एक्सप्रेस आहे. ती निजामुद्दीनहून येते आणि गोंदिया, दुर्ग, रायपूर, टिटलागढ, रायगडा, विजयनगरम अशी जाते. रोज नाही, आठवड्यातले वार बघून घ्या. एक रात्र आणि वर अर्धा दिवस धरा. आपली माणसं दक्षिणेची म्हणून बल्लारशाच्या बाजूनं विचार करतात आणि ही पूर्वेची वाट विसरतात. रायगड्याच्या अलीकडे-पलीकडे गाडी पूर्व घाटातून जाते. खिडकी मिळाली तर हा प्रवास सहलीतच धरा. टिटलागढला उन्हाळ्यात उतरू नका, तिथला उन्हाळा आपल्यालाही लाजवतो.

घाई असेल तर सप्टेंबर २०२४ पासून दुर्ग ते विशाखापट्टणम वंदे भारत सुरू झाली आहे. ती सकाळी लवकर सुटते, म्हणजे रात्री दुर्गला मुक्काम आला. दोन आयांना घेऊन ते कटकटीचं आहे. समताच बरी.

आता खरी गोष्ट अराकूची गाडी. विशाखापट्टणमहून सकाळी किरंदुल पॅसेंजर सुटते. हा मार्ग प्रवाशांसाठी बांधलेलाच नाही. बैलाडिल्याचं लोहखनिज विशाखापट्टणम बंदरात आणून जपानला पाठवायचं, त्यासाठी १९६०च्या दशकात जपानच्या मदतीनं तो झाला. समुद्रसपाटीवरून निघून गाडी हजारएक मीटर चढते. वाटेतलं शिमिलिगुडा ९९६ मीटरवर आहे, एके काळी ब्रॉडगेजवरचं देशातलं सर्वांत उंच स्टेशन. पूर्ण मार्गावर ५८ बोगदे आहेत, त्यातले पुष्कळसे अराकूच्या आधीच येतात. एवढा चढ डब्यात बसल्या बसल्या होतो, गुडघ्याला पत्ताही लागत नाही. २०१७ पासून ह्या गाडीला काचेच्या छताचा विस्टाडोम डबाही जोडतात. त्याचं तिकीट पटकन संपतं.

आणि लक्षात ठेवा, आरक्षण आता १२० दिवस आधी नाही, ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पासून तसं आहे. अजूनही लोक जुन्या हिशोबानं चार महिने आधी विचारायला येतात.

वऱ्हाडी_ठेचा · रात्री १०.४१

काका, गाडीत कोन्या बाजूनं बसाचं थे सांगा. बाकीचं गूगल सांगते.

गार्डचा_डबा · रात्री १०.४४

जाताना उजवीकडे.

काचेची_खिडकी · रात्री १०.५८

डावीकडे. आम्ही उजवीकडे बसलो होतो, अर्धा वेळ समोर डोंगराची भिंत होती आणि पलीकडचे लोक "आहाहा" करत होते.

गार्डचा_डबा · रात्री ११.०२

आहाहा करणारे कुठंही बसले तरी करतात. उजवीकडे.

तर्री_जास्त · रात्री ११.०५

दोन आया आहेत ना, एकेक बाजूला बसवा. संध्याकाळी दोघींचा अहवाल घ्या.

कोचीत_काही_वर्षं · रविवार, सकाळी ७.२०

नोकरीसाठी कोचीत राहिले आहे, त्यामुळे केरळला "सवयीचं उत्तर" म्हटलेलं टोचलं. पण सुपारीफूल, तुमचं निम्मं बरोबर आहे. दोष केरळचा नाही, त्या ठरावीक चक्राचा आहे. कोची ते मुन्नार सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, घाटामुळे चार तास तरी. मुन्नार ते थेक्कडी परत वळणं. थेक्कडी ते अलेप्पी परत खाली उतरायचं. नकाशावर बोटाएवढं दिसतं आणि प्रत्येक टप्प्यात अर्धा दिवस जातो. टूरवाले हेच विकतात, कारण प्रत्येक ठिकाणी एक हॉटेल आणि एक फोटो होतो.

नागपूरहून केरळ एक्सप्रेसनं सकाळी बसलं की एर्नाकुलम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतं. एवढं करून जाणार असाल तर डोंगर सोडा, पाणी धरा. फोर्ट कोचीला राहा. चिनी जाळी, ज्यूंचं १५६८ सालचं सिनेगॉग, वास्को द गामाला पहिल्यांदा जिथं पुरलं ते सेंट फ्रान्सिस चर्च, सगळं सपाट आणि जवळजवळ आहे. २०२३ पासून कोचीत वॉटर मेट्रो आहे, आयांना ती फार आवडेल. अलेप्पीला हाऊसबोटीवर रात्र काढलीच पाहिजे असं नाही. संध्याकाळ झाली की बोटी काठाला बांधतात, कारण रात्री मच्छीमार जाळी टाकतात. म्हणजे पैसे तरंगत्या हॉटेलचे आणि रात्र एका जागी उभी. त्यापेक्षा सरकारी जलवाहतुकीच्या साध्या बोटीत शाळेची पोरं, भाजीवाल्या बायका यांच्यासोबत बसा. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. बोट वरून जाते आणि शेत खाली दिसतं. मुलाला भूगोलाच्या पुस्तकात हे समजणार नाही, तिथं एका मिनिटात समजेल.

मुन्नार करायचंच असेल तर वेगळं जा आणि तिथंच तीन दिवस राहा. राजमलाला वनखात्याची बस वर नेते, नीलगिरी ताहर म्हणजे तिथल्या रानबकऱ्या दिसतात, समोर आनमुडी शिखर, २६९५ मीटर. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ताहरांच्या विणीसाठी ते बंद असतं, हे न बघता जाणारे फार आहेत. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी बघायला म्हणून जाणार असाल तर आता २०३०. मागचा बहर २०१८चा.

बजाजनगरवाला · सकाळी ८.०५

नीलकुरिंजी २०३०, म्हणजे आमच्या गल्लीतला रस्ता होईल तेव्हाच.

हवापाणी · सकाळी ९.१५

मूळ प्रश्नातल्या पावसाला अजून कुणी हात लावला नाही. मी लावतो.

आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. पश्चिम किनाऱ्याला, म्हणजे कोकण-गोव्याला, ते चालतं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नैऋत्य मोसमी वारे तिथून परततात, मग नोव्हेंबर स्वच्छ. घाट हिरवा, धबधबे आटत आलेले, समुद्र शांत. केरळात तसं नाही. तिथं ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस वेगळा येतो. सकाळ छान, दुपारनंतर ढग, संध्याकाळी विजा. मुन्नारच्या घाटात दुपारी चारला धुकं आणि पाऊस मिळणं ह्या दिवसांत अगदी सामान्य आहे.

विशाखापट्टणमचा प्रश्न आणखी वेगळा. बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा मुख्य काळ ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात. हुदहुद १२ ऑक्टोबर २०१४ला थेट विशाखापट्टणमवरच आलं होतं, विमानतळाचं छप्पर गेलं, शहर कित्येक दिवस विजेविना होतं. दरवर्षी असं होत नाही. पण आठवडाभराची एकच सुट्टी असेल तर नोव्हेंबरात पूर्व किनारा म्हणजे थोडा जुगार.

एका वाक्यात: दिवाळीला कोकण, डिसेंबर मध्यानंतर अराकू, केरळ जानेवारीत. जागा आधी ठरवून तारीख बसवू नका. तारीख ठरलेली असेल तर जागा ती ठरवते.

सुपारीफूल · सकाळी ९.४०

हवापाणी, हे मी कुठल्याच टूरच्या कागदावर वाचलं नव्हतं. सगळे "वर्षभर आल्हाददायक" लिहितात.

मालवणी_माहेर · सकाळी १०.१०

पावसाच्या तज्ज्ञांनी कौल दिलाच आहे, तर मी माहेरची बाजू मांडते. लग्न होऊन नागपुरात आले त्याला बरीच वर्षं झाली. इथला उन्हाळा अजून माफ केलेला नाही.

आंबोली ६९० मीटर. पावसाळ्यात सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, म्हणजे नागपूरच्या सहापट. नोव्हेंबरात तो संपलेला असतो आणि जंगल भिजून तृप्त असतं. हिरण्यकेशीच्या उगमापाशी गुहेतून पाणी येतं, मंदिरापर्यंत चालणं थोडंच आहे. तिथून घाट उतरलात की सावंतवाडी, लाकडी खेळण्यांचं गाव, मग मालवण. डोंगर आणि समुद्र ह्यांच्यात दोन-अडीच तासांचं अंतर. असं केरळात नाही आणि विशाखापट्टणमलाही नाही. सिंधुदुर्गाची बोट पावसाळ्यात बंद असते, दिवाळीला सुरू झालेली असते. किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. मुलाला तारकर्लीला स्नॉर्केलिंग करू दे. आया किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसतील.

राहायचं घरगुती निवासात. मासे खात नसाल तरी सोलकढी, काजूची उसळ, घावणे आहेतच. हॉटेल नको.

वऱ्हाडी_ठेचा · सकाळी १०.२२

ताई, सारं खरं हाय, पण नागपुराहून मालवनले जाऊन पोहचाचं कसं? थे सांगा ना. आमी समृद्धीनं गेलो होतो. समृद्धी ७०१ किलोमीटर, एकदम लोन्यावानी. त्याच्या पुढं मुंबई-गोवा हायवे सुरू झाला आन् आमच्या गाडीतल्या पोराईनं सारं खाल्लेलं बाहेर काढलं.

मालवणी_माहेर · सकाळी १०.३१

तो महामार्ग हा आमचा कौटुंबिक दुखरा विषय आहे, त्यावर बोलणार नाही. गाडीनं जाणार असाल तर कोल्हापूरमार्गे आंबोली घाट उतरा. मुंबई-गोव्याचा त्रास बराच वाचतो. नागपूर-मडगाव अशी विशेष रेल्वेही असते, कुडाळला उतरता येतं. नाहीतर विमानानं गोवा आणि तिथून टॅक्सी.

गार्डचा_डबा · सकाळी १०.५०

मडगाव विशेष पार भुसावळ, कल्याण, पनवेल फिरून जाते. चांगली गाडी आहे, पण चोवीस तास तरी धरा. सांगून ठेवतो.

गुडघेदुखी_क्लब · दुपारी १२.१५

इथं सगळे तरुण बोलून राहिले. ज्यांच्या गुडघ्याचा विषय आहे त्यांच्यातली मी एक. विशाखापट्टणम-अराकू करून आले आहे, आता ऐका.

बोर्रा गुहा सुंदर आहेत. चुनखडीचे खांब, वरून टपटप पाणी, आत दिवे लावलेले. पण पायऱ्या पुष्कळ, ओलसर, आणि माकडं. आत उतरलो की तेवढंच वर यायचं असतं हे उतरताना कुणी सांगत नाही. सासूबाईंना तोंडाशी बसवा, हातात पिशवी देऊ नका, माकडं पिशवीसाठीच येतात. पहिला मोठा घुमट तोंडापाशीच दिसतो, तेवढं पुरे.

पाणबुडीचं संग्रहालय, आयएनएस कुरसुरा. रामकृष्ण बीचवर खरी पाणबुडी ओढून ठेवली आहे. १९७१च्या युद्धात होती, २००१ला निवृत्त झाली. मुलाला वेड लागेल. आत मात्र गोल दारांतून वाकून, पाय उचलून जावं लागतं. मी दोन दारं केली आणि तिसऱ्याला तिथल्या नौसैनिक आजोबांना म्हटलं, मला परत सोडा. रस्त्याच्या पलीकडे टीयू-१४२ विमान आहे, त्याला जिना आहे.

कैलासगिरीला रोपवे आहे, चढायचं काम नाही. वरून किनारा लांबवर वाकत गेलेला दिसतो. आमच्या ह्यांनी तिथं तासभर तोंड उघडलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

अराकूत पदमपुरम बाग, आदिवासी संग्रहालय, दोन्ही सपाट. परतीला रेल्वेनं येऊ नका, टॅक्सी करा. गालिकोंडा, अनंतगिरीचे कॉफीचे मळे वाटेत थांबत पाहता येतात. कटिकी धबधब्याला शेवटी जीप करतात. ती जीप गुडघ्याला नाही, मणक्याला लागते. आम्ही नाही केली.

सुपारीफूल · दुपारी १२.४०

काकू, हे छापून पाकिटात ठेवणार आहे.

डबलरोस्ट · दुपारी १.०५

कॉफीचा विषय निघाला म्हणून. अराकूची कॉफी सिल्व्हर ओकच्या सावलीत होते, त्याच झाडांवर मिऱ्याचे वेल चढवलेले असतात. पिकवणारे बहुतेक आदिवासी शेतकरी, लहान लहान तुकडे. २०१९ला तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मळ्यात उभं राहून वास येत नाही हे आधी सांगतो. लोक नाक वर करून फिरतात. वास भाजल्यावर येतो. डिसेंबरच्या सुमाराला गेलात तर लाल फळं तोडणं चालू असतं.

आणि हो, चिखलदऱ्यालाही कॉफी होते. आपल्या विदर्भात. कुणाला पत्ता नाही.

बजाजनगरवाला · दुपारी १.१२

चिखलदरा! १११८ मीटर, नागपूरहून सकाळी निघून दुपारी जेवायला. ह्या धाग्यावर इतक्या उशिरा नाव यावं?

तर्री_जास्त · दुपारी १.१४

समुद्र कुठं आहे तिथं?

बजाजनगरवाला · दुपारी १.१६

फुटाळ्याला कुठं आहे?

वऱ्हाडी_ठेचा · दुपारी १.३०

खान्याचं बोला राजेहो. केरळात आमच्या बाबाले खोबरेल तेलाचा वासच सहन नाही झाला. तीन दिस केळं आन् ब्रेडवर काढले. म्हने, डोक्याले लावाचं तेल पोटात कायले टाकून राहिले हे लोक.

कोचीत_काही_वर्षं · दुपारी १.४५

तुमच्या बाबांना पुट्टू-कडला द्यायला हवं होतं. काळ्या हरभऱ्याचा रस्सा, आपल्या चण्याच्या रश्श्याचा सख्खा चुलतभाऊ. केरळचं जेवण न चाखता परत आलेली माणसं नागपुरात आल्यावर मात्र मसाल्यासाठी वेलची-मिरे कौतुकानं दाखवतात.

सावजी_शिवाय_नाही · दुपारी २.०२

आंध्रात ही तक्रारच नाही. तिखटाला ते आपल्याला मागं टाकतात. अराकूत बोंगू चिकन खा. मसाला लावलेलं कोंबडं हिरव्या बांबूत भरून, तोंड पानानं बंद करून निखाऱ्यावर ठेवतात. तेलाचा थेंब नाही, पाणी नाही. रस्त्याकडेला आदिवासी बायका विकतात. सावजीच्या तर्रीची सवय असलेल्याला पहिला घास फिका वाटतो, नंतर बांबूचा वास जिभेवर बसतो. मी शाकाहारी बायकोला पाच मिनिटं गाडीत बसवून तीन बांबू संपवले.

सुपारीफूल · दुपारी २.१०

आमच्याकडे दोन्ही आया शाकाहारी. त्यांच्यासाठी जवसाची चटणी आणि खाकरे सोबत असतातच. कुठंही गेलं तरी.

दीक्षाभूमी_परिसर · दुपारी ३.२०

विशाखापट्टणमचा विषय चाललाय आणि थोटलकोंडा-बाविकोंडाचं नाव नाही, म्हणून लिहितो. भीमुनिपट्टणमच्या रस्त्यावर समुद्राला लागून टेकड्या आहेत, त्यांवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहारांचे अवशेष आहेत. स्तूपाचा पाया, भिक्षूंच्या खोल्यांच्या रांगा, पाणी साठवायला खडकात खोदलेली टाकी. थोटलकोंड्याच्या माथ्यावरून समोर पूर्ण बंगालचा उपसागर. इथून भिक्षू जहाजानं पूर्वेकडं जात असतील हे कुणी सांगावं लागत नाही.

आपण नागपूरची माणसं. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली त्या गावात राहतो. बोधगया, सारनाथला जातो, पण पूर्व किनाऱ्यावरच्या ह्या जागा कुणाच्या यादीत नसतात. अनकापल्लीजवळ बोज्जन्नकोंडाही आहे, तिथं खडकात कोरलेली लेणी आहेत. तिथं पायऱ्या आहेत. थोटलकोंड्याला मात्र गाडी बरीच वर जाते.

संध्याकाळी नको, सकाळी जा. सावली नाही.

गुडघेदुखी_क्लब · दुपारी ३.४५

हे आम्हाला टॅक्सीवाल्यानं दाखवलंच नाही! त्याऐवजी मोत्याच्या दुकानात नेलं होतं.

दीक्षाभूमी_परिसर · दुपारी ३.५०

दुकानात कमिशन असतं, स्तूपाला नसतं.

चारचाकी · सायंकाळी ६.३०

चौथा पर्याय कुणी मांडला नाही. नागपूर-रायपूर-जगदलपूर-कोरापुट-अराकू-विशाखापट्टणम, पूर्ण गाडीनं. नागपूर ते रायपूर तीनशेच्या आत, रायपूर ते जगदलपूर तीनशेच्या आसपास, वाटेत केशकालचा घाट. जगदलपूरला मुक्काम. दिवाळीच्या सुमाराला चित्रकोट धबधब्याला इंद्रावतीचं पाणी अजून भरपूर असतं, उन्हाळ्यात बघाल तर नुसता कडा. जगदलपूरहून अराकू दोनशेच्या आत-बाहेर, पण रस्ता घाटाचा. ज्यांना गाडी चालवायला आवडते त्यांच्यासाठी भारतातला हा माझा आवडता तुकडा आहे.

नोव्हेंबरात अराकूच्या वाटेवर पिवळी शेतं दिसतील. सगळे मोहरी समजून फोटो काढतात. ते कारळं आहे. आपल्या चटणीतलं.

गार्डचा_डबा · सायंकाळी ६.४५

जगदलपूरला गाडी ठेवून तीच किरंदुल पॅसेंजर उलट दिशेनं पकडता येते. तेव्हा बाजू बदलते, डावी-उजवीचा वाद परत सुरू करता येईल.

हवापाणी · सायंकाळी ७.१०

चारचाकी, दोन आया, आठवडाभर आणि पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबर. मार्ग उत्तम, पण त्यांच्या हिशोबात बसत नाही. परत यायलाच दोन दिवस जातील.

चारचाकी · सायंकाळी ७.१५

मान्य. मी मुलांना घेऊन गेलेलो, आयांना नाही.

काचेची_खिडकी · रात्री ८.४०

समुद्राबद्दल एक गंभीर गोष्ट. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर पाण्यात उतरू नका. लाटा जोरात येतात आणि तळ पटकन खोल होतो, दरवर्षी माणसं वाहून जातात. आपण नागपूरची माणसं समुद्र दिसला की पँट गुंडाळून धावतो. मुलाला पाण्यात खेळायचं असेल तर ऋषिकोंडा, तेही जीवरक्षक उभे असतील तिथंच. २०२०ला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं मानांकन, मिळालेल्या किनाऱ्यांत ते होतं. कोकणात तारकर्ली सौम्य आहे, तरी स्थानिक माणूस सांगेल तसंच.

मालवणी_माहेर · रात्री ८.५२

हे मात्र कुठल्याही किनाऱ्याला लागू. भरती-ओहोटी विचारल्याशिवाय मालवणचा माणूसही पाण्यात जात नाही.

सुपारीफूल · सोमवार, दुपारी १.३०

मंडळी, धागा घरी टीव्हीला जोडून वाचला. फुटाळ्यावर मुलगा हसत सुटला. मालवणची सोलकढी वाचून माझं मन डळमळलं होतं. ह्यांनी चारचाकीचा मार्ग वाचून गाडीच्या टायरांकडे बघितलं, मी बघू दिलं नाही.

आणि मग सासूबाईंनी विचारलं, "विशाखापट्टणम म्हणजे सिंहाचलम तिथंच ना?" त्यांचं कुळदैवत नृसिंह. सिंहाचलमला वराहनृसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपात असते, खरं रूप फक्त अक्षय्य तृतीयेला दिसतं, हे त्यांना कधीचं माहीत. मला कुणी सांगितलंच नव्हतं. दहा मिनिटांत निकाल लागला. पाऊस, रेल्वे, बांबू, कॉफी, सगळं बाजूला.

तारीख मात्र हवापाणींचं ऐकून बदलली. दिवाळीला घरीच. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. मुलाची सहामाही तोवर संपते, आणि नेमकं तेव्हाच हिवाळी अधिवेशन असतं, म्हणजे व्हीआयपींच्या गाड्यांसाठी अडवलेल्या रस्त्यांतून सुटका. चालेल ना?

तर्री_जास्त · दुपारी १.३६

थंडीसाठी डिसेंबरात नागपूर सोडून जाणारे तुम्ही पहिलेच. २०१८च्या डिसेंबरअखेर इथं पारा साडेतीन अंशांवर गेला होता.

हवापाणी · दुपारी २.००

चालेल. तोवर वादळांचा जोर ओसरलेला असतो. निघण्याच्या आठवड्यात हवामान खात्याचा बंगालच्या उपसागराचा अंदाज तेवढा बघा. अराकूला पहाटे चांगली थंडी असते, आयांसाठी स्वेटर आणि कानटोपी घ्या. विशाखापट्टणमला मात्र दुपारी साधा सुती कुर्ता.

गुडघेदुखी_क्लब · दुपारी २.२०

सिंहाचलमला गाडी वरपर्यंत जाते, काळजी नको. दर्शनाची रांग मोठी असते, ज्येष्ठांसाठी वेगळी सोय आहे का ते तिथं गेल्या गेल्या विचारा. शनिवार-रविवार टाळा.

गार्डचा_डबा · दुपारी २.४५

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा म्हणजे आरक्षण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात उघडेल. समताचं जाण्याचं तिकीट पहिल्याच दिवशी सकाळी काढा आणि खालचे बर्थ मागा, दोन ज्येष्ठ आहेत. अराकूची विस्टाडोमची जागा त्याच बैठकीत. परतीची गाडी नाताळच्या आठवड्यात येते का बघा, तेव्हा रायपूर-दुर्गची सगळी माणसं तिकडून परतत असतात. जमलं तर २४च्या आधी नागपूर गाठा.

काचेची_खिडकी · दुपारी २.५१

आणि विस्टाडोममध्ये डावीकडची जागा.

गार्डचा_डबा · दुपारी २.५३

विस्टाडोमच्या खुर्च्या फिरतात, बाई.